थांबा किती मिनिटांचा, ते छापा

प्रति,
वडोदऱ्यातून परदेशी सहली नेणारे सर्व सहल आयोजक, तसेच सभासदांसाठी अशा सहली ठरवणारी मराठी मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेला लोको पायलट. नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला ड्रायव्हर म्हणत. दांडिया बाजारात राहतो. २०२५ च्या जूनमध्ये मी आणि सौ. आपल्याच शहरातून निघालेल्या एका सहलीबरोबर कॅनडातल्या रॉकी पर्वतात जाऊन आलो. ३८ माणसं, एक मोठी बस, सात दिवस. कॅल्गरीहून बॅन्फ, तिथून योहो, मग जॅस्पर, पुढे कॅमलूप्स आणि शेवटी व्हँकुव्हर. आमच्या आयोजकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. परत आल्यावर मी इतर चार ठिकाणची माहितीपत्रकं आणून शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि चारींत तीच उणीव दिसली. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच लिहितो आहे.

चौतीस वर्षं गाडी चालवली की एक सवय हाडीमाशी खिळते. गाडी थांबली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची. ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. कॅनडातही खिशात छोटी डायरी होती आणि मी प्रत्येक थांबा टिपत गेलो. परतीच्या विमानात बेरीज केली. सात दिवसांत आम्ही बसच्या सीटवर ३१ तास २० मिनिटं बसलो होतो. दुकानांत आणि मॉलमध्ये ५ तास ४० मिनिटं गेली. आणि ज्यांच्यासाठी पै पै साठवून गेलो होतो त्या राष्ट्रीय उद्यानांच्या जमिनीवर, जेवण आणि हॉटेल सोडून, आमचे पाय एकूण ७ तास ५ मिनिटं टेकले. त्यातले २ तास १० मिनिटं हिमनदीवरच्या मोठ्या गाडीचे आणि १ तास ४० मिनिटं बॅन्फच्या गोंडोलाचे, म्हणजे रोपवेचे, कारण त्यांची तिकिटं आधीच काढलेली होती. बाकी सगळ्या पर्वतराजीच्या वाट्याला सव्वातीन तास आले.

आमच्याबरोबर आलेला सहल व्यवस्थापक मेहनती आणि प्रेमळ मुलगा होता. सौ.चा गुडघा दुखायला लागला तेव्हा त्याने स्वतः जाऊन बर्फाची पिशवी आणली. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातात दिलेल्या कागदातच चूक होती. त्या कागदावर गावांची आणि तलावांची नावं होती, कुठे किती वेळ थांबायचं ते मात्र नव्हतं. रेल्वेत आमच्याकडे वर्किंग टाइमटेबल असतं. गाडी कुठल्या स्टेशनवर किती मिनिटं उभी राहणार हे त्यात लिहिलेलं असतं आणि त्याचा जाब विचारता येतो. तुमच्या माहितीपत्रकात 'लेक लुईस, एमराल्ड लेक, स्पायरल टनेल्स पाहून मुक्कामी परत' अशी एक ओळ असते. या ओळीत तीन तासही बसतात आणि तीस मिनिटंही.

स्पायरल टनेल्सबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण मी या सहलीला गेलो ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

योहो राष्ट्रीय उद्यानात किकिंग हॉर्स नावाची खिंड आहे. कॅनडाच्या पूर्वेकडून पॅसिफिक किनाऱ्याला जाणारी रेल्वे या खिंडीतून उतरते. १८८४ मध्ये तिथे पहिला रूळ पडला तेव्हा पैसे आणि वेळ वाचवायला उतार साडेचार टक्क्यांचा ठेवला होता, म्हणजे आमच्या भाषेत १ ला २२, दर २२ मीटरला १ मीटर खाली. आपल्या भोर घाटाचा चढ १ ला ३७ आहे आणि तिथेसुद्धा कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. १ ला २२ च्या उतारावर भरलेली गाडी ब्रेकवर धरून खाली आणायची, ही कल्पना ज्याने घाटात गाडी चालवली आहे त्याच्या अंगावर काटा आणते. त्या उतारावरून खाली निघालेली पहिलीच कामाची गाडी निसटली, नदीत गेली आणि तीन माणसं मेली. मग त्यांनी मध्ये मध्ये चढाच्या दिशेने जाणारे फाटे काढले. गाडी ताब्यात नसेल तर फाट्यावर वळेल आणि चढावर आपोआप थांबेल. आपल्या घाटातली कॅच सायडिंग हीच. रॉकी पर्वतातल्या आणि सह्याद्रीतल्या माणसांना एकाच भीतीने एकच उत्तर सुचलं.

ही भीती पंचवीस वर्षं चालली. शेवटी १९०९ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बोगद्यांचा धडा घेऊन, त्यांनी दोन डोंगरांच्या पोटात दोन गोल बोगदे खोदले. वरचा सुमारे ९९० मीटर, खालचा सुमारे ८९० मीटर. गाडी डोंगरात शिरते, आतल्या आत वळसा घेते आणि जिथून आत गेली त्याच्याच जवळपास १५ मीटर खालच्या पातळीवर बाहेर येते. लांबी वाढली, म्हणून उतार २.२ टक्क्यांवर आला. मालगाडी लांब असेल तर इंजिन एका तोंडातून बाहेर पडलेलं असतं आणि शेवटचे डबे अजून दुसऱ्या तोंडातून आत जात असतात. एकच गाडी स्वतःलाच ओलांडते. आमच्या मुलखात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम नॅरोगेजवर बैल गाडी ओढत होते. त्या गायकवाडी रुळांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकत मी मोठा झालो आणि पुढे इंजिनात चढलो. योहोचे बोगदे पाहण्याची इच्छा नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची होती.

डायरीतली नोंद अशी: आगमन ११.४८, प्रस्थान १२.००. बारा मिनिटं. त्यातली सहा अडतीस माणसांनी बसमधून उतरण्यात आणि पुन्हा चढण्यात गेली. मालगाड्यांचं वेळापत्रक कुठे लावलेलं नसतं, थांबून वाट पाहावी लागते. मी व्यवस्थापकाला म्हणालो, अर्धा तास द्या, गाडी येईल. तो हसून म्हणाला, "काका, मालगाडी तर वडोदऱ्यातही दिसते." त्याने वाईट हेतूने म्हटलं नाही. त्याला माहीतच नव्हतं की आपण कशापुढे उभे आहोत, कारण कोणी सांगितलं नव्हतं. बस वळून मुख्य रस्त्याला लागली आणि झाडांच्या फटीतून मला खाली लाल इंजिनाचं तोंड दिसलं. सौ.ने माझा हात धरला. पुढचे दहा मैल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

बारा वाजता निघण्याची घाई कशासाठी होती? भारतीय जेवणासाठी. साडेबाराची वेळ दिलेली होती.

जेवणावर मी टीका करत नाही. आमच्या बसमध्ये जैन होते, कांदा-लसूण न खाणारे होते, मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेणारे होते. वरण-भात मिळाला की साठीच्या माणसाच्या जिवात जीव येतो, हे मला पुरतं कळतं. पण डोंगरातल्या सहलीत दुपारचं जेवण डब्यात नेता येतं. सगळ्या बायकांनी घरून थेपले, दशम्या, लाडू, लसणीची आणि बिनलसणीची चटणी आणलेली होती. एमराल्ड लेकच्या काठी लाकडी बाकं आहेत. हिरव्या पाण्याकडे बघत तिथे दीड तास जेवलो असतो तर कोणीच उपाशी राहिलं नसतं. त्याऐवजी जेवणासाठी आम्ही जाऊन येऊन ८० मिनिटं रस्त्यावर होतो आणि एमराल्ड लेकला मिळाली २० मिनिटं.

उघड्यावर जेवायचं तर तिथले नियम आधी सांगावे लागतात आणि तेही सांगितले गेले नाहीत. आमच्यातल्या एका ताईंनी खारीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याला चिवडा घातला. किती मायेने घातला! चिमण्यांना दाणे घालतो तसाच. तिथल्या एका कर्मचारी बाईंनी येऊन समजावलं की राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना खाऊ घालणं गुन्हा आहे आणि दंड २५ हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. ताई रडवेल्या झाल्या आणि दिवसभर बसमधून उतरल्या नाहीत. प्राणी माणसाच्या अन्नाला चटावला की रस्त्याकडे येतो, गाडीखाली सापडतो, अस्वल असेल तर त्याला मारावंही लागतं. हे आपण वडोदऱ्यातच, निघण्याआधीच्या बैठकीत, दोन वाक्यांत सांगू शकत होतो. अस्वल, लांडगा, कोल्ह्यासारखा कोयोट यांच्यापासून १०० मीटर, एल्क नावाचं मोठं हरीण आणि इतर हरणं यांच्यापासून ३० मीटर लांब राहायचं, हेही. त्या बैठकीत आम्हाला बॅगेचं वजन किती आणि टोपी कुठल्या रंगाची, एवढंच सांगितलं होतं.

आता 'वेळ मिळाल्यास' या शब्दांविषयी.

आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मोरेन लेकचं चित्र होतं. दहा शिखरांच्या कुशीतलं निळं पाणी. आत, चौथ्या दिवसाच्या खाली, बारीक अक्षरात 'मोरेन लेक (वेळ मिळाल्यास)' असं होतं. वेळ मिळाला नाही. मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३ पासून खाजगी गाड्या जाऊ देत नाहीत. उद्यानाची शटल किंवा परवाना असलेली बस, एवढंच. तो रस्ताही साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. म्हणजे तिथे जायचं तर आधी ठरवून, आरक्षण करूनच जावं लागतं. वाटेत वेळ उरला म्हणून वळण्यासारखी ती जागा नाही. मग पहिल्या पानावर ते चित्र का छापलं? ज्या सभासदाने ते चित्र कापून देवघराशेजारी लावलं होतं, त्यांना मी ओळखतो. त्यांनी तक्रार केली नाही, कारण 'वेळ मिळाल्यास' लिहिलं होतं ना! तुम्ही हे दोन शब्द काढून टाका. जायचं असेल तर 'जाणार, ५० मिनिटं' लिहा. जायचं नसेल तर चित्र लावू नका.

जॅस्परला जाण्याचा दिवस. लेक लुईसपासून जॅस्परपर्यंत आईसफील्ड्स पार्कवे नावाचा २३२ किलोमीटरचा रस्ता आहे. एका बाजूला बॅन्फ राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या टोकाला जॅस्पर, आणि मधल्या साऱ्या वाटेवर एकही शहर नाही. दोन्ही उद्यानं १९८४ पासून जागतिक वारसा आहेत. बॅन्फ तर कॅनडातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १८८५ मध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची जागा राखली तिथून सुरू झालेलं. लेक लुईसचं पाणी साधारण १,७३० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. आणि तिथून रस्ता आणखी चढतो. बो समिट ओलांडताना तो दोन हजार मीटरच्या वर जातो.

या रस्त्यावर आमच्या बसमध्ये अंताक्षरी चालू होती. मलाही गाणं आवडतं. पण तीन तास माईकवर गाणी चालली आणि काचेबाहेर कोण आलं, कोण गेलं, कोणाला कळलं नाही. बो लेकला ८ मिनिटं. पेटो लेक गाळला, कारण 'परत तसंच तळं आहे'. या तळ्यांचा रंग असा दुधाळ निळा-हिरवा का असतो, हे कोणी सांगितलं असतं तर 'तसंच' हा शब्द तोंडातून निघाला नसता. हिमनदी सरकताना खालचा खडक पिठासारखा दळते. ते पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात येतं, तळाशी न बसता तरंगत राहतं आणि सूर्यप्रकाशातला निळा-हिरवा रंग परतवतं. जातं आणि पीठ एवढं सांगितलं तरी आमच्या बसमधल्या प्रत्येक बाईला ते समजलं असतं.

पुढे कोलंबिया आईसफील्ड. तिथे स्नो डोम नावाचा बर्फाचा घुमट आहे. त्याच्या माथ्यावरचा बर्फ वितळून तीन दिशांना जातो: एक पाणी पॅसिफिकला, एक उत्तरेकडे आर्क्टिक महासागराला, एक हडसनच्या उपसागराकडे अटलांटिकच्या वाटेला. आपण नर्मदेच्या काठची माणसं. अमरकंटकला गेलेल्याला माहीत असतं की तिथून नर्मदा पश्चिमेकडे भरूचला येते आणि शोण गंगेकडे वळते, एका डोंगरावर दोन समुद्र ठरतात. इथे तीन ठरतात. हे ऐकून आमच्यातला एक तरी माणूस हात जोडून उभा राहिला असता. अथाबास्का हिमनदी गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. तिच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर अमुक साली बर्फ इथपर्यंत होता अशा वर्षांच्या पाट्या रोवल्या आहेत. आम्ही मोठ्या चाकांच्या गाडीतून बर्फावर गेलो, फोटो काढले, परत आलो. पाट्यांची ती वाट चाललो नाही. गाडीचं तिकीट होतं, वाट फुकट होती, म्हणून ती कार्यक्रमात नव्हती.

अथाबास्का धबधबा, १४ मिनिटं. जॅस्पर, सायंकाळी ५.२०. हॉटेलच्या चाव्या वाटल्या आणि दिवस संपल्याचं जाहीर झालं.

जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री पावणेदहाच्या पुढे मावळतो. म्हणजे दिवस संपल्याचं सांगितल्यानंतर चार तासांहून जास्त उजेड होता. दुपारची गर्दी गेलेली असते, एल्क गवतात उतरतात, हवा गार असते. ज्येष्ठ माणसाला रमतगमत तासभर चालायला याहून चांगली वेळ नाही. आम्ही खोलीत बसून घरच्यांना व्हिडिओ कॉल लावले. दुपारी दोन तास विश्रांती देऊन संध्याकाळी साडेसात ते नऊ एक फेरी ठेवलीत तर एक पैसा जास्त लागणार नाही. फक्त भारतातल्या सूर्याचं घड्याळ भारतात ठेवून यावं लागेल.

मला इथे बसच्या चालकाबद्दल लिहायचं आहे. बॅन्फला तिसऱ्या दिवशी रात्री काही मंडळींनी हट्ट धरला की बस आणखी एका दुकानांच्या संकुलाकडे न्या. चालक शांतपणे नाही म्हणाला. तिथे चालकाला दिवसात १३ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, ड्युटीचे १४ तास भरले की स्टिअरिंग सोडावं लागतं, आणि नोंद गाडीतल्या यंत्रात आपोआप होते. बसमध्ये कुरकुर झाली, 'पैसे आपण दिलेत' असंही कोणी म्हणालं. मी उठून उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बसच्या माईकवर बोललो. रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, झोप न झालेला माणूस इंजिनात चढला तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. अडतीस माणसांचा जीव ज्याच्या हातात आहे त्याच्या झोपेत आपण वाटेकरी व्हायचं नाही. लोक ऐकून गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चालकाने मला पुढच्या सीटवर बोलावलं आणि रस्ता दाखवत नेलं.

त्याच्यामुळेच मला कळलं की बॅन्फमध्ये महामार्गावरून जे पूल जातात आणि ज्यांच्यावर झाडं वाढलेली दिसतात, ते माणसांसाठी नाहीत. अस्वलं, लांडगे, एल्क यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून १९८० च्या दशकापासून खालून जाणारे मार्ग आणि १९९६ पासून असे पूल बांधले गेले. आता सहा पूल आणि ३८ भुयारी वाटा आहेत, दोन्ही बाजूंना कुंपण आहे आणि गाड्यांच्या धडकेने प्राणी मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलं आहे. गीरच्या बाजूला गाडी चालवणारे माझे मित्र आहेत. रात्री हेडलाइटच्या उजेडात रुळावर सिंहीण आणि बछडे दिसले की त्यांच्या पोटात गोळा येतो. हॉर्न, ब्रेक आणि देवाचं नाव, एवढंच हातात असतं. म्हणून त्या पुलांखालून जाताना मला भरून आलं. बस त्यांच्याखालून अनेकदा गेली. माईकवर त्यांचा उल्लेख एकदाही झाला नाही.

आणि जॅस्पर. गावात शिरताना दोन्ही बाजूंना मैलोन् मैल काळ्या काड्या उभ्या होत्या. व्यवस्थापक म्हणाला, इथे वणवा लागला होता. तेवढंच. न्याहारीच्या काउंटरवर आणंदची एक मुलगी काम करत होती. आमची भाषा ऐकून जवळ आली, "तमे वडोदराना?" म्हणाली आणि तिचे डोळे भरले. तिने सांगितलं. २२ जुलै २०२४ च्या रात्री गाव रिकामं करण्याचा आदेश आला. गावकरी आणि प्रवासी मिळून सुमारे २५ हजार माणसं एकाच रस्त्याने पश्चिमेकडे निघाली. दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या. तिची भाड्याची खोली, त्यातली पदवीची कागदपत्रं, आईने दिलेली साडी, सगळं गेलं. तरी ती परत आली, कारण गाव पुन्हा उभं राहतंय आणि प्रवासी आले नाहीत तर ते उभं राहणार नाही. ती हे सांगत होती तेव्हा माझ्या घड्याळात ७.५१ झाले होते. बस ८ ला निघणार होती. सौ.ने तिला जवळ घेतलं, हातात लाडवांचा डबा दिला. नऊ मिनिटं. त्या मुलीला अडतीस गावकऱ्यांसमोर अर्धा तास बोलू दिलं असतं तर तो आमच्या सहलीतला सर्वांत मोठा अर्धा तास झाला असता.

पुढचे दोन दिवस सुमारे ८०० किलोमीटर, कॅमलूप्सवरून व्हँकुव्हरपर्यंत. रॉकी पर्वतातलं कॅनडाकडचं सर्वांत उंच शिखर, ३,९५४ मीटरचं माउंट रॉबसन, वाटेवर आहे. ढग होते, ५ मिनिटं थांबलो. त्याबद्दल तक्रार नाही, ढग कोणाच्या हातात नसतात.

तुमची अडचण मला कळते. परवानग्या महाग, हॉटेलं महाग, उन्हाळा तीन महिन्यांचा. माणूस माहितीपत्रकातली नावं मोजतो आणि ज्यात जास्त नावं त्याची सहल घेतो, म्हणून तुम्ही नावं वाढवता. हे खरं आहे, आणि यात आम्हा प्रवाशांचाही दोष आहे. म्हणून हे पत्र मंडळांना आणि संघांनाही लिहिलं आहे. तुमच्याकडे आयोजक येतात तेव्हा पहिला प्रश्न 'किती ठिकाणं?' हा असतो. पहिला प्रश्न 'कुठे किती मिनिटं?' हा विचारा. दुसरा, दिवसाला बसमध्ये किती तास. तिसरा, बसमध्ये कोण बोलणार आणि त्याला काय माहीत आहे. तिथला एखादा जाणकार वाटाड्या दोन दिवसांसाठी घेतला तर माणशी खर्च फार वाढत नाही. तो इंग्रजीत बोलेल, आपला व्यवस्थापक मराठी-गुजरातीत सांगेल. पार्कवेच्या २३२ किलोमीटरवर माईक फक्त त्याच्या हातात द्या. गाणी कॅमलूप्सच्या रस्त्यावर म्हणू, तिथे रस्ता लांब आहे.

सीटांचंही असंच. आमच्या बसमध्ये ज्यांनी आधी पैसे भरले त्यांना सातही दिवस पुढच्या रांगा मिळाल्या. सौ.चा गुडघा वाकत नव्हता आणि ती नवव्या रांगेत होती. चालकाने सांगितलं की तिकडच्या सहलींत रोज सीटा पुढे सरकवतात. आपणही करू.

आणखी एक मागणी आहे, ती वडोदऱ्याच्या माणसालाच सुचेल अशी. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली, १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला इथे आणलं आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. तशी एक छोटी पेटी सहलीच्या बसमध्ये ठेवा. एक मोठा नकाशा, पक्ष्यांचं एक पुस्तक, प्राण्यांच्या चित्रांचं एक, बोगद्यांचा आराखडा आणि मराठीत-गुजरातीत टाइप केलेली वीस पानं. मजकूर मी तयार करून देतो, मोबदला नको. योहोमध्ये ज्या वर्षी बोगदे सुरू झाले त्याच १९०९ मध्ये, तिथल्याच फील्ड गावाजवळच्या डोंगरात, पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे ठसे असलेला बर्जेस शेल नावाचा खडक सापडला. हे एक पान त्यात पहिलं घालीन.

पुढच्या उन्हाळ्याची माहितीपत्रकं दिवाळीनंतर छापायला जातील. त्याआधी एकदा बसू. माझी डायरी घेऊन येतो, तीत सातही दिवसांचे सगळे थांबे आहेत, आगमन आणि प्रस्थानासकट. मंडळाच्या हॉलमध्ये बोलवा, तुमच्या ऑफिसात बोलवा, नाहीतर माझ्या घरी या. आणि योहोच्या त्या जागेवर पाऊण तास छापणार असाल, तर आम्हा दोघांची नावं पहिल्यांदा लिहून घ्या. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत होईल. जूनपर्यंत ती चालायला लागेल असं डॉक्टर म्हणतात.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट
दांडिया बाजार, वडोदरा